गवतपड

पहाटे पाचलाच आबा आवरून बसले होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, गळ्यात दुर्बीण. ती दुर्बीण त्यांनी दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडून मागून घेतली होती आणि पुण्यात आमच्या गॅलरीत उभं राहून समोरच्या पाण्याच्या टाकीवरचे पारवे बघत हाताला सवय लावून घेतली होती. "ऐनवेळी धांदल नको," म्हणायचे. पंच्याहत्तरीच्या माणसाने सोलापूरहून पुणे, पुण्याहून जोधपूर आणि तिथून रात्रभराच्या गाडीने जैसलमेर गाठायचं, तेही एका पक्ष्यासाठी, हे नातेवाइकांपैकी कुणालाच पटलं नव्हतं. मला पटलं होतं. आजवर त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. दिवाळीत जेवता जेवता एकदम म्हणाले, "मला एकदा ढोक बघायचाय. हाय तोवर." कोण आहे तोवर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ढोक म्हणजे माळढोक. नान्नज-मार्डीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. माझ्या लहानपणी तिथे माळ होता, म्हणजे आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. कुसळी आणि पवन्या गवताचा, उन्हाळ्यात पिवळा पडणारा, पायात कुसळं भरणारा माळ. मी त्यावर बोरं वेचली आहेत, शेरडांमागे धावले आहे. माळढोक मात्र मला आठवत नाही. आबा म्हणतात, तू पाच वर्षांची असताना सायकलच्या नळीवर बसवून दाखवला होता. मला सायकल आठवते, नळीवर गुंडाळलेलं पोतं आठवतं, पक्षी आठवत नाही. हे मला फार लागतं.

आबा तलाठी होते. १९७२ च्या दुष्काळानंतर लगेच नोकरीला लागले आणि उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा अशा तालुक्यांतल्या सजांवर त्यांची सगळी नोकरी झाली. पीकपाहणीला सायकलवर जायचे. ज्याच्या गटात जे उभं असेल ते लिहायचं, ज्वारी, करडई, हरभरा, तूर. जिथे काहीच पेरलेलं नाही, नुसतं गवत आहे, तिथे लिहायचं 'गवतपड'. जिथे खडक, मुरूम, ओघळ, तिथे 'पोटखराब'. सातबाऱ्यावरचे हे साधे शब्द. आबांचं अक्षर फार देखणं. त्या अक्षरात त्यांनी किती हजार एकर माळ गवतपड म्हणून लिहिला असेल, याचा हिशेब नाही. आणि त्याच माळावरून सायकल हाताने ढकलत चालताना त्यांना ढोक दिसायचे, कधी तीन, कधी चार. घरी येऊन सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. "कावळा दिसला तर सांगतो का आपण घरी येऊन?"

पुढे सगळं बदललं. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजचे माळढोक लोकांपुढे आणले, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ते सुमारे ८४९६ चौरस किलोमीटरचं होतं, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांवर पसरलेलं, त्यात गावं, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि माणसं पक्ष्यावर चिडली. नंतर ते क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर विहिरी खोल गेल्या होत्या, ऊस आला होता, द्राक्षं आली होती. सोनाका जातीची द्राक्षं आमच्या नान्नजचीच, आणि त्याचा मला अभिमानही आहे, कारण त्या बागांनी कितीतरी घरांतली पोरं शिकवली. पण बागेत माळढोक राहत नाही. आता नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. गेल्या काही वर्षांत मी आबांना घेऊन तीनदा गेले. काळवीट दिसले, एकदा लांडगा दिसला, ढोक दिसला नाही.

म्हणून जैसलमेर. जगात आज मोकळ्या रानात दीडशेच्या आत माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक या एका जिल्ह्यात आहेत.

जीप शहराबाहेर पडली तेव्हा अंधार होता. मार्चची सुरुवात, पण थारच्या पहाटेला अजून थंडीची धार होती. क्षितिजावर ओळीने लाल दिवे लागत-विझत होते, सगळे एकाच वेळी. पवनचक्क्या. आबांनी काही वेळ ते बघितलं आणि मफलर घट्ट केला. गाडी चालवणारे भाईसा राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीतल्याच एका गावचे. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण आणि फाटक येतं. हे उद्यान तसं नाही. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतलं ३१६२ चौरस किलोमीटरचं रान, आणि त्यात गावं आहेत, ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, विहिरी, मेंढरं, देवळं सगळं आहे. वनखात्याने त्यात जागोजागी कुंपण घालून गवत राखलं आहे. त्यातलंच एक सुदासरी. आम्ही तिकडे निघालो होतो.

फटफटलं तेव्हा भाईसांनी एका वाळूच्या उतारापाशी गाडी थांबवली आणि म्हणाले, "बाबूजी, पहले रात का हिसाब देख लो." आम्हाला वाटलं काहीतरी प्राणी आहे. प्राणी नव्हता, खुणा होत्या. रात्रभर वारा पडलेला असला की वाळूवर सगळं उमटतं आणि ऊन चढून वारा सुटेपर्यंत तसंच राहतं. भाईसा उकिडवे बसले आणि बोटाने हवेतल्या हवेत दाखवत गेले. ही शिवण घातल्यासारखी दुहेरी ओळ किड्याची. हे चार-चार ठिपके, मधे शेपटीची रेघ, हा उंदीर. इथे उंदीर थांबला, इथून उडी. आणि त्याच्यावर येऊन मिळालेली, एका सरळ ओळीत एकापुढे एक पडलेली पावलं लोमडीची. पुढे उंदराची ओळ नाही.

थोड्या अंतरावर तिरक्या, एकमेकींपासून सुट्या रेघा होत्या, कुणी काठीने एकेक ओरखडा काढत गेल्यासारख्या. मी विचारायच्या आत आबा म्हणाले, "फुरसं." ते आडवं सरकत जातं म्हणून रेघ सलग येत नाही. कोकणात आणि आमच्याकडे फुरशाची जी भीती आहे ती इथेही आहे. भाईसांनी त्यावर पीवण्याची गोष्ट सांगितली. इथली माणसं मानतात की पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन त्याचा श्वास पिऊन जातो. हा साप मण्यारीच्या कुळातला. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही, खूण दिसत नाही, आणि सकाळी माणूस श्वास कोंडून गेलेला असतो. ज्याने कुणी ही गोष्ट पहिल्यांदा रचली त्याने मरण अगदी बारकाईने बघितलेलं होतं, असं मला वाटलं.

आबा मात्र झाडांकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या. टेकड्या आहेत, पण थोड्या. बाकी सगळं गवत. सेवण नावाचं, गुडघाभर, थोंबाथोंबाने वाढणारं गवत, वर्षाला जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो त्यावर जगणारं. मधूनमधून झुडपं. आबा एकेकाला ओळखत गेले. "ही रुई. ही नेपती, बघ, आपल्या ओढ्याकडंला असायची. ही बोर, बारकी." भाईसा त्याच झाडांना आक, केर, बोरडी म्हणत होते. रोहिड्याला केशरी फुलं लागली होती आणि पानापेक्षा फूलच जास्त होतं. मग एका डेरेदार झाडाकडे बोट करून भाईसा म्हणाले, "खेजडी." आबांनी पान हातात घेऊन बघितलं, काटा बघितला. "अगं, ही शमी की." दसऱ्याला जिची पूजा करायची, पांडवांनी जिच्यात शस्त्रं लपवली ती शमी. आमच्याकडे गावाला एखादी. इथे क्षितिजापर्यंत.

चिंकारे दिसले ते या शमीच्या सावल्यांत. पाच-सहा. माना वळवून आमच्याकडे बघत, शेपट्या सारख्या फडफडवत. पाण्याचा थेंब न पिता ते दिवसेंदिवस राहू शकतात, लागणारी ओल पानांतून आणि दवातून घेतात. महाराष्ट्रात बारामतीजवळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात मी चिंकारे बघितले आहेत, पण ते अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा धावला की थोड्याच वेळात शेत लागतं. इथे एक धावला आणि धावतच राहिला. आम्ही दुर्बिणीतून बघत राहिलो, तो ठिपका झाला तरी धावतच होता.

लोमडी तर आमच्याकडे बघून जांभई देऊन पुन्हा बिळाच्या तोंडाशी वेटोळं करून बसली. शेपटीचं टोक पांढरं. आपल्या माळावरच्या खोकडाचं काळं असतं. आबांना हा फरक इतका आवडला की त्यांनी तो भाईसांना दोनदा समजावून सांगितला.

साडेआठच्या सुमारास भाईसांनी गाडीचं इंजिन बंद केलं. काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. मला काहीच दिसेना. सेवण, सेवण, एक बोडकं झुडूप, पुन्हा सेवण. मग ते झुडूप चाललं.

चारशे-पाचशे पावलांवर असेल. मादी आधी दिसली, मग तिच्या डावीकडे बराच लांब नर. नर उभा राहिला की माणसाच्या कमरेच्या वर येतो, वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड फार थोडे. पण दुर्बिणीत तो जड वाटत नव्हता. पांढरीशुभ्र मान, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, आणि पाठ अशी की गवतात बसला तर संपलाच. चोच किंचित वर धरून, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, ऐकायचं, मग दुसरं. त्या चालण्यात घाई कुठेच नव्हती. मी पक्ष्यांना डौलदार म्हणायचं टाळते, सगळ्यांना तेच म्हटलं जातं. या पक्ष्याबद्दल मला दुसरा शब्द सुचत नाही.

"गाडी पुढं घ्यायची का थोडी?" मी हळूच विचारलं. भाईसांनी मान हलवली. नाही. विणीचे दिवस सुरू होत आहेत. ती बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं नाही, काडी नाही. आपण जवळ गेलो, ती उठली, की कावळा आहे, लोमडी आहे, मोकाट कुत्री आहेत. मी कॅमेरा खाली ठेवला. फोटोत तो तसाही मुंगीएवढाच आला असता.

नराने मान उंचावली. गळ्याखाली काहीतरी भरल्यासारखं झालं, मान जाड दिसू लागली, शेपूट पाठीवर उभी राहू लागली. माझा श्वास थांबला. पण तेवढंच. त्याने अंग झटकलं, पिसं बसवली आणि पुन्हा चालू लागला. भाईसा कुजबुजले, अजून आठ-पंधरा दिवस, मग गळ्याची पिशवी पायापर्यंत लोंबेल आणि आवाज लांबवर जाईल. आबांनी दुर्बीण डोळ्यांवरून न काढता, घशातल्या घशात, अगदी खोल असा आवाज काढला, हूंऽऽम. मग थांबून पुन्हा, हूंऽऽम. भाईसा वळून त्यांच्याकडे बघत राहिले. "बाबूजी, ये तो गोडावण ही है." गोडावण हे माळढोकाचं इथलं नाव.

"पहाटे यायचा हा आवाज," आबा म्हणाले. "मी करमाळ्याला असताना. मला वाटायचं कुणीतरी विहिरीत घागर बुडवतंय."

सुमारे पंचवीस मिनिटं तो दिसत होता. मग सेवणात शिरला आणि दिसेनासा झाला. उडाला नाही. आबांनी दुर्बीण उतरवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांभोवती तिच्या कडांचे लाल वळ उमटले होते.

नंतर एका पाणवठ्याशी थांबलो. उन्हं वर आली की पखुर्ड्या पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, मग वळसा घेत थवा उतरतो, जरा लांबच बसतो, आणि मग सगळे तुरुतुरु चालत पाण्याशी येतात. पाच-दहा घोट आणि पसार. पण एक नर राहिला. तो पोटापर्यंत पाण्यात शिरला आणि अंग डोलवत उभा राहिला. पखुर्डीच्या नराच्या पोटाची पिसं पाणी टिपून धरतात. ते घेऊन तो कैक किलोमीटर उडतो, पिल्लांपाशी उतरून ताठ उभा राहतो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. मी हे वाचलं होतं. तो नर निथळत उडाला तेव्हा त्याच्यामागे थेंबांची एक ओळ उन्हात चमकून गेली. बहात्तर साली आजी तीन मैलांवरून पाणी आणायची, तेव्हाच्या तिच्या ओल्या पदराची आठवण आबा नेहमी सांगतात. इथे त्यांनी ती सांगितली नाही.

सांडा बघायला मात्र अगदी जवळ जाता आलं. अकराच्या उन्हात, कठीण जमिनीवर, एका बिळाच्या तोंडाशी तो पसरला होता. हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, शेपटीवर काट्यांची कडी, मांड्यांवर निळसर झाक. पालीसारखा दिसतो पण खातो पाला. थंडीभर बिळाचं तोंड आतून मातीने लिंपून झोपलेला असतो आणि फाल्गुनाच्या उन्हात बाहेर येतो. आम्ही गाडीतच होतो, तो आठ-दहा फुटांवर. एक डोळा आमच्याकडे, तोंडात कसलंसं पिवळं फूल. चावत होता, शांतपणे, गाय रवंथ करते तसा. या शेपटीतल्या चरबीवर तो जगतो आणि त्याच चरबीपायी मारला जातो. सोलापूरच्या गड्डा यात्रेत आबांनी लहानपणी सांड्याचं तेल विकणारे बघितले होते. समोर कापडावर जिवंत सांडे मांडलेले असायचे, पळून जाऊ नयेत म्हणून पाठीचा कणा मोडलेला. "मला वाटायचं, किती गरीब जनावर आहे, हलत पण नाही," आबा म्हणाले. ते सांड्याकडे बघत होते. सांड्याने फूल संपवलं, दोन पावलं पुढे आला आणि दुसरं तोडलं.

दुपारी भाईसांच्या चुलत्यांच्या ढाणीवर जेवलो. गोल झोपड्या, शेणामातीने सारवलेलं अंगण, काटेरी फांद्यांचं कुंपण. बाजरीचे रोट, ताक आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. आबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे शमीच्या शेंगा? आम्ही नुसती पूजा करतो." चुलते, त्यांना सगळे बासा म्हणत होते, समाधानाने हसले. दुष्काळात याच शेंगांनी आणि सालीनेही माणसं जगवली आहेत, ते म्हणाले.

बासांशी आबांचं सूत जुळलं ते आपण तलाठी होतो असं आबांनी सांगितल्यावर. "तलाठी माने पटवारी?" बासा सावरून बसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी या प्रवासात नंतर आणखी दोघांकडून ऐकली. इथे ओरण असतात. देवीच्या किंवा एखाद्या लोकदेवतेच्या नावाने राखलेलं रान. आपल्या देवराईसारखं, पण घनदाट झाडीचं नव्हे, गवताचं आणि खेजडी-केरांचं, शेकडो-हजारो बिघे पसरलेलं. तिथे गुरं चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. पडलेलं लाकूडसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. देगराय मातेचं ओरण त्यातलं नावाजलेलं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक आहे की ते ओरण आहे. फक्त सरकारी कागदावर कित्येक ठिकाणी तसं लिहिलेलं नाही. कागदावर ती सरकारी पडीक जमीन आहे. आणि पडीक जमीन म्हटली की ती पवनचक्क्यांना देता येते, सौरऊर्जेच्या काचांना देता येते, तिच्यावरून विजेच्या तारा नेता येतात. म्हणून इथली माणसं आमच्या ओरणाची नोंद ओरण म्हणून करा, एवढंच मागत पायी यात्रा काढतात.

"पटवारी ने लिख दिया, बंजर," बासा म्हणाले. "उस बंजर में मेरी सौ भेडें पलती हैं."

आबा बराच वेळ ताकाच्या वाटीत बघत होते. मग त्यांच्या हिंदीत म्हणाले, "लिखने को दूसरा शब्द ही नहीं होता था, बासा. रकान्यात पीक लिखना होता है. घास पीक नहीं. तो पड." आणि थोडं थांबून, "मैंने भी बहुत लिखा."

बासांनी त्यांना बोल लावला नाही. त्यांनी आबांच्या पानात आणखी एक रोट वाढला.

मला तिथे बसून जे वाटलं ते सांगते. माळढोक गोळीने मारला गेला, हे खरंच आहे. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने एकट्याने नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. १९७८ मध्ये अरब पाहुणे ससाणे घेऊन तिलोर नावाच्या, माळढोकाच्याच कुळातल्या पक्ष्याच्या शिकारीला याच जैसलमेरात आले, लोकांनी विरोध केला आणि ती शिकार थांबवावी लागली. १९८० मध्ये हे उद्यान झालं, १९८१ मध्ये गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला. एकेकाळी सालिम अलींनी त्याचं नाव राष्ट्रीय पक्ष्यासाठीही सुचवलं होतं. बंदुकीविरुद्ध कायदा करता येतो, केलाही. पण रकान्यातल्या शब्दाविरुद्ध काय करायचं? गवताळ रानाला आपल्या कागदांत स्वतःचं नावच नाही. जंगल आहे, शेत आहे, आणि जे दोन्ही नाही ते पडीक. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची किंवा नांगर घालायचा, कालवा न्यायचा, काचा मांडायच्या. नान्नजला हेच झालं. इथे सतलज-बियासचं पाणी घेऊन इंदिरा गांधी कालवा आला तेव्हाही थोडंफार हेच झालं. पाण्याला मी वाईट म्हणणार नाही. ज्याने दुष्काळ बघितला त्याच्या घरात मी वाढले आहे. पण पाणी आलं तेव्हा गवताकडे बाजू मांडायला एक शब्दसुद्धा नव्हता.

परतताना तारांखालून आलो. उंच मनोऱ्यांच्या रांगा, एकीला समांतर दुसरी, आणि काही तारांवर लटकवलेल्या चकत्या वाऱ्याने फिरत चमकत होत्या, पक्ष्यांना तार दिसावी म्हणून. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरचं त्याला फार थोडं दिसतं. उडताना तो खाली जमिनीवर नजर ठेवतो, अंग जड, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची वीजही हवी आहे आणि पक्षीही, असा हा तिढा आहे, आणि मला त्यात सोपं उत्तर देता येत नाही. एवढं मात्र मी बघितलं की त्या तारा पक्ष्याच्या रोजच्या वाटेवर आहेत.

सम नावाच्या गावाजवळ माळढोकाच्या प्रजनन केंद्राच्या बाहेरून गेलो. आत जायची परवानगी नसते आणि नसावीच. २०१९ मध्ये रानातून अंडी उचलून आणून ती उबवायला इथे सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. नर रामदेवराच्या केंद्रात, मादी सममध्ये. दोन्हींत सुमारे दोनशे किलोमीटर, आणि ते अंतर कापून आणलेल्या वीर्यातून ते पिल्लू. आबांनी हे सगळं भाईसांकडून दोनदा ऐकून घेतलं. "गायीला करतात तसंच की," म्हणाले. मग, "पण सोडायची कुठं ती पिल्लं? गवत पाहिजे."

समच्या टेकड्यांवर उंटांच्या आणि गाड्यांच्या रांगा होत्या, मोठ्याने गाणी लागली होती. आम्ही थांबलो नाही.

रात्री हॉटेलच्या गच्चीवर आबांनी गावाकडे फोन लावला, त्यांच्या चुलतभावाला, तात्यांना. तात्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आबा जवळजवळ ओरडूनच बोलत होते आणि खालच्या गल्लीतली माणसं वर बघत होती. "दिसला. दोन. एक नर, एक मादी. व्हय, गवतात. आपल्याकडं होतं तसलंच गवत. तुला आठवतंय का, बांधावर उभा राहायचा त्यो?" तिकडून तात्या बराच वेळ बोलले. आबा ऐकत होते, मधून "व्हय", मधून "बराबर". मग म्हणाले, "नाय रं, आवाज नाय काढला. जवळ आला हुता काढायच्या." मग तात्यांनी द्राक्षांचं सांगायला सुरुवात केली असावी, तोडणी चालू होती. आबांनी गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवले, दुर्बीण अजून गळ्यातच होती, आणि यंदा काय भाव मिळतोय ते विचारू लागले.